गिअरची घ्यावी की बिनगिअरची?
(पाणंदीवर चालणाऱ्या फोर व्हील गाडीविषयी)



गेल्या दोन हंगामांपासून गट ऑफिसात उसाची नोंद द्यायला आलेली मंडळी लागणीची तारीख सांगून झाली की हळूच दुसराच विषय काढतात. "आण्णा, तुम्ही वाहन विभागात होता. फोर व्हील गाडी घ्यायची म्हणतोय. गिअरची घेऊ की बिनगिअरची?" मी निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली, पण हा प्रश्न काही मला सोडत नाही. उभ्या उभ्या उत्तर दिले की लोक अर्धेच ऐकतात आणि पुढे जाऊन भलतेच सांगतात. म्हणून संपादकांनी लिहूनच द्या म्हटल्यावर मी बसलो.

आधी एक खरी गोष्ट सांगतो. ती सांगताना मला अजून बरे वाटत नाही, पण ती सोडून या विषयावर लिहिणे खोटेपणाचे होईल.

२०१४ सालचा नोव्हेंबर. हंगाम नुकता सुरू झालेला आणि अवकाळी पावसाने दोन दिवस झोडपलेले. आमच्या मळ्यात टोळी उतरली होती, कोप्या ओढ्याच्या पलीकडे. रात्री नऊच्या सुमारास मुकादम पळत आला. एका तोडणी कामगाराच्या आठ-नऊ वर्षांच्या मुलीला साप चावला होता. माझ्याकडे तेव्हा जुनी, हाताने गिअर टाकायची फोर व्हील जीपगाडी होती. पोरीला, तिच्या आईला मागे घेतले आणि निघालो. ओढ्याची फरशी ओलांडली. पुढे पाणंदीचा चढ, तिथली माती काळी, चिकट, पायाला वहाणेसकट धरून ठेवणारी. मी फोर व्हील टाकली, पण घाईत लो रेंज टाकली नाही. हाय रेंजच्या पहिल्या गिअरमध्ये गाडी चढेना, बंद पडायला लागली, म्हणून मी हाफ क्लचवर धरून रेस देत राहिलो. ड्रायव्हिंगची इतकी वर्षे झालेला माणूस, पण त्या वेळी डोके चालले नाही. दोन-तीन मिनिटांत जळका वास आला, आणि मग इंजिन नुसतेच ओरडायला लागले. गाडी जागची हलेना. क्लचप्लेट गेली.

शेजारच्या वस्तीवरून ट्रॅक्टर आणून गाडी ओढून रस्त्याला लावेपर्यंत आणि दुसरी गाडी मिळेपर्यंत चाळीस मिनिटे गेली. मुलगी वाचली. दवाखान्यात पोहोचलो तेव्हा विष फार पसरलेले नव्हते, एवढेच नशीब. पण त्या चाळीस मिनिटांत तिची आई एक अक्षर बोलली नाही, नुसती माझ्याकडे बघत होती. ते बघणे मी विसरलेलो नाही.

आता कोणी म्हणेल, म्हणजे गिअरची गाडी वाईट. तसे नाही. गाडीने माझे काही वाकडे केले नव्हते. लो रेंजचा छोटा लिव्हर मागे ओढला असता तर तीच गाडी मुंगीच्या पावलाने, क्लच पूर्ण सोडून, चढून गेली असती. पण हेही तितकेच खरे की पायाखाली क्लच नसता तर जाळायलाही काही नसते. या दोन वाक्यांच्या मध्ये सगळा विषय आहे.

क्लच म्हणजे काय ते ट्रॅक्टरवाल्याला सांगायला नको. इंजिनच्या फ्लायव्हीलला चिकटून फिरणारी एक कोरडी तबकडी. पाय दाबला की सुटते, सोडला की धरते. अर्धवट धरली की घासते, आणि घासले की तापते. सपाट डांबरी रस्त्यावर हे घासणे एक-दोन सेकंदांचे असते. चिखलात, चढावर, मागे ओझे असताना ते मिनिटांचे होते. तिथेच ती जळते.

बिनगिअरच्या गाडीत (निदान ज्यांना मी खरी बिनगिअरची म्हणतो त्यात) या तबकडीच्या जागी टॉर्क कन्व्हर्टर नावाचे एक बंद भांडे असते, तेलाने भरलेले. विहिरीवरच्या पंपातला इंपेलर आपण सगळ्यांनी खोलून पाहिलेला आहे. तसाच एक इंपेलर इंजिनला जोडलेला. तो तेल फेकतो. समोर दुसरा पंखा, टर्बाइन, तो ते तेल झेलतो आणि फिरायला लागतो, आणि गिअरबॉक्सला फिरवतो. मधे तिसरा एक छोटा पंखा असतो, तो परत येणाऱ्या तेलाला योग्य वळण देतो. त्यामुळे गाडी उभी असून इंजिन जोर लावत असेल तेव्हा चाकाकडे जाणारा जोर इंजिनच्या जोराच्या दुपटीच्या आसपास जातो. घासणारे कोरडे असे काही नाही. तापते ते तेल, आणि त्याला थंड करायला वेगळा कूलर असतो.

हे काही नवीन शोध नव्हेत. अमेरिकेत जनरल मोटर्सने १९३९ साली ओल्ड्समोबाइल गाडीसाठी हायड्रा-मॅटिक नावाचा आपोआप बदलणारा गिअरबॉक्स आणला. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी तो एम-५ स्टुअर्ट या हलक्या रणगाड्यात बसवला. पण विलीज जीपला मात्र हाती तीन गिअर आणि शेजारी दोन छोटे लिव्हर एवढेच ठेवले, एक फोर व्हीलचा आणि एक हाय-लोचा. कारण जीप कुठेही, कोणीही, कोणत्याही पान्याने दुरुस्त करावी अशी त्यांची अपेक्षा होती. तीच जीप स्वातंत्र्यानंतर महिंद्रांनी मुंबईत जोडायला घेतली आणि आपल्याकडच्या सहकारी संस्थांच्या दारात वर्षानुवर्षे उभी राहिली. आपल्या पिढीचा पाय क्लचवर बसला तो असा.

आणि बिनगिअरची म्हणजे चिखलात कुचकामी, ही समजूत ज्यांच्या मनात आहे त्यांनी पाणंद करायला येणाऱ्या बॅकहो लोडरकडे, म्हणजे ज्याला आपण सरसकट जेसीबी म्हणतो त्याच्याकडे, एकदा वाकून बघावे. ड्रायव्हर दिवसभर पुढे-मागे, पुढे-मागे करतो. पायाखाली क्लच नसतो. आत टॉर्क कन्व्हर्टरच आहे. ट्रॅक्टरच्या कोरड्या क्लचवर हे काम दिले असते तर तो लवकरच मेस्त्रीच्या दारात गेला असता. आपल्या फडात येणारे ऊस तोडणी यंत्रसुद्धा तेलाच्या दाबावर चालते. त्याची रीत वेगळी आहे, पंप आणि मोटरची, पण क्लच दाबून गिअर टाकणे तिथेही नाही.

इथे एक सावधगिरी. शोरूममधला मुलगा 'ऑटोमॅटिक' म्हणतो तेव्हा त्याला विचारायचे, "बाळा, आत काय आहे?" तीन-चार प्रकार या एकाच नावाखाली विकले जातात. एएमटी म्हणून जो प्रकार आहे, त्यात गिअरबॉक्स आणि क्लच आपलाच जुना, फक्त पायाऐवजी एक यंत्र क्लच दाबते आणि गिअर टाकते. लहान मोटारीला शहरात तो ठीक आहे, स्वस्तही आहे. पण चढावर चिखलात ते यंत्रही हाफ क्लचच करते, आणि माझ्यासारखेच जाळते. दोन क्लचचा डीसीटी म्हणून आणखी एक असतो, त्यातला कोरड्या क्लचचा प्रकारही हळू रांगण्याच्या कामात तापतो. पाणंदीसाठी टॉर्क कन्व्हर्टर नसेल तर सरळ हाती गिअरची घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरी फसगत याहून मोठी. गाडीचा बांधा दणकट, चाके मोठी, रंग झकास, म्हणून ती फोर व्हील असेल असे धरून चालू नये. महिंद्रांनी थारची दुसरी पिढी २०२० च्या गांधी जयंतीला आणली, तिला हाती सहा गिअर आणि बिनगिअरचे सहा असे दोन्ही पर्याय होते, पेट्रोल-डिझेल दोन्हीत. पण जानेवारी २०२३ मध्ये तिचीच मागच्या दोन चाकांवर चालणारी आवृत्ती आली. त्यात डिझेलला हाती गिअर आणि पेट्रोलला बिनगिअर, आणि लो रेंज कशालाच नाही. दिसायला सख्खी बहीण. कोणी सभासद पेट्रोल ऑटोमॅटिक स्वस्तात मिळाली म्हणून घेऊन आला आणि ओढ्यात रुतला तर त्यात गिअरचा दोष काहीच नाही.

लो रेंजविषयी दोन शब्द, कारण मी स्वतः तिच्यावाचून फसलो. मुख्य गिअरबॉक्सच्या मागे एक छोटा गिअरबॉक्स असतो. लो टाकली की वेग कमी होतो आणि जोर त्याच पटीने वाढतो, थारमध्ये साधारण अडीचपट, मारुतीच्या जिम्नीत सुमारे दुप्पट. हाती गिअरची गाडी असेल तर लो रेंज म्हणजे क्लचचा विमा. पहिला किंवा दुसरा गिअर टाकावा, क्लच पूर्ण सोडावा आणि डावा पाय खाली ठेवून द्यावा. पुन्हा त्याला शिवायचे नाही. चिखलाच्या मधोमध गिअर बदलायला क्लच दाबला की गाडीचा वेग तिथेच मरतो आणि चाके मातीत बसतात. बिनगिअरच्या गाडीत गिअर बदलताना चाकाचा जोर फारसा तुटत नाही, आणि सुरुवातीचा जोर धक्का न देता येतो, त्यामुळे चाक एकदम गरकन फिरून खड्डा खणत नाही. काळ्या मातीत हा फायदा खरोखर मोठा आहे. गेल्या पावसाळ्यात आमच्या व्याह्यांची थार डिझेल ऑटोमॅटिक मी त्याच चढावर घालून पाहिली. लो टाकली आणि नुसता अंगठ्याएवढा पाय दिला. ती वर गेली. मी वर उभा राहून खाली बराच वेळ बघत राहिलो.

मग उतरताना मात्र तिने मला घाबरवले. उतारावर हाती गिअरच्या गाडीचा जो भरवसा आहे तो बिनगिअरच्या गाडीला आपसूक नसतो. पहिल्या गिअरमध्ये, लो रेंजमध्ये, क्लच सोडलेली गाडी इंजिनच्या धाकाने खाली येते, ब्रेकला हात लावावा लागत नाही. जिथे चढताना जो गिअर लागतो तोच उतरताना ठेवावा, हा आपल्या ट्रकवाल्यांचा नियम करूळ घाटात आजही चालतो. बिनगिअरची गाडी 'डी'मध्ये ठेवून उतरवली तर ती वेग वाढला की वरचा गिअर घेऊ शकते, आणि तेलातला जोड अगदी मंद वेगात थोडा निसटतो. म्हणून उतरण्याआधी लिव्हर हाती धरून पहिल्या गिअरवर अडकवायचा. उतारावर आपोआप ब्रेक धरून गाडी सावकाश नेणारी सोयही आता काही गाड्यांत असते, जिम्नीत आहे. ती ब्रेकवरच काम करते, इंजिनवर नव्हे, हे लक्षात असलेले बरे.

आणखी एक बाब कोणी सांगत नाही म्हणून सांगतो. ज्या गाडीच्या छोट्या लिव्हरला मधे 'एन' आहे, ती त्या 'एन'वर राहिली असेल तर मोठा लिव्हर 'पी'वर असूनही गाडी उतारावरून घरंगळू शकते. 'पी'चा खटका गिअरबॉक्सला धरतो, आणि 'एन'मध्ये गिअरबॉक्सचा चाकांशी संबंधच तुटलेला असतो. हाती गिअरच्या गाडीतही गिअरात टाकून उभी केली म्हणून निर्धास्त राहिलात तर तेच होईल. बांधावर गाडी लावताना हँडब्रेक ओढल्याशिवाय खाली उतरू नये, आणि चाकामागे दगड लावण्यात कमीपणा मानू नये.

आता पैशाचे. २०२३ च्या जूनमध्ये जिम्नी बाजारात आली तेव्हा त्याच दर्जाच्या गिअरच्या आणि बिनगिअरच्या गाडीत १ लाख २० हजारांचा फरक होता. त्या वर्षीच्या, म्हणजे २०२३-२४ च्या, हंगामाची एफआरपी १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलला ३१५ रुपये होती. तोडणी-वाहतूक वजा न करताही हा फरक ३८ टन उसाचा झाला. खोडव्याचा एक बरा एकर म्हणा ना. डावा पाय रिकामा राहावा म्हणून एक एकर खोडवा द्यायचा का, असे घरात बसून विचारावे. तेलाचा फरक मात्र लोक सांगतात तेवढा नाही. कंपनीने जाहीर केलेले आकडे जिम्नीला लिटरमागे गिअरच्या गाडीचे १६.९४ आणि बिनगिअरच्या गाडीचे १६.३९ किलोमीटर असे होते. प्रत्यक्षात दोन्ही कमीच पडतील, पण त्यातला फरक जीव घेणारा नाही.

दुरुस्तीचा फरक जीव घेऊ शकतो. क्लचप्लेट, प्रेशरप्लेट, बेअरिंग हे तालुक्याच्या गावचा कुठलाही मेस्त्री दिवसभरात बदलून देईल. बिनगिअरचा डबा बिघडला तर तो खोलणारा माणूस जिल्ह्याच्या गावीही चटकन सापडत नाही, आणि गाडी पुण्याला जाते. तो सहसा बिघडत नाही हे खरे, पण त्याचे तेल वेळेवर बदलले तरच. 'यातले तेल जन्मभर चालते' असे कोणी म्हटले तर मान डोलवावी आणि तेल बदलावे. बॅटरी उतरली तर गिअरची गाडी चार माणसांनी ढकलून चालू होते, बिनगिअरची होत नाही. तिला मागून दोरीने ओढत न्यायचीही घाई करू नये, कारण इंजिन बंद असले की आतला तेलाचा पंप बंद असतो आणि गिअरबॉक्स कोरडा फिरतो. ओढण्याआधी गाडीसोबत मिळालेली पुस्तिका वाचावी. ती बहुतेकांच्या घरी प्लास्टिकच्या पिशवीतून निघालेलीच नसते.

म्हणून मी विचारणाऱ्याला उलट विचारतो: कुठे राहता आणि गाडी कोण चालवणार? डोंगराच्या कुशीतले एक सभासद आले होते. वस्ती एकटी, रेंज नाही, मेस्त्री अठरा किलोमीटरवर, आणि गाडी पंधरा वर्षे ठेवायची. त्यांना मी हाती गिअरचीच सांगितली. शिवाय त्यांना ती स्वतःच चालवायची होती आणि त्यांचा हात ट्रॅक्टरवर उत्तम बसलेला. फोर्सची गुरखा तर हाती गिअरचीच येत आली, २०२४ ची पाच दारांचीसुद्धा, आणि तिला पुढच्या-मागच्या दोन्ही आसांची चाके जखडायची सोय आहे. रुतलेल्या गाडीला ही सोय गिअरच्या प्रकारापेक्षा जास्त उपयोगी पडते. टायरचेही तसेच. गुळगुळीत टायरवर कुठलाच गिअरबॉक्स चढत नाही.

माझ्या स्वतःच्या घरी मात्र हिशेब वेगळा निघाला. डावा गुडघा माझा गेल्या साली बदलला. चिरंजीव आठवड्यातून एकदा येतात. गाडी रोज चालवणार ती सूनबाई. शाळेत शिकवते, जाऊन-येऊन बावीस किलोमीटर, त्यातला पाणंदीचा तुकडा पावसाळ्यात वाईट. मी तिला म्हटले, "बाई, गिअरची शिकून घे, मी शिकवतो. एक एकर वाचतो." ती म्हणाली, "मामा, मला गिअर येतो. ट्रॅक्टर मी चालवते की. पण रात्री-अपरात्री तुम्हाला दवाखान्यात न्यायचं झालं आणि त्या चढावर मी घाबरले, तर माझ्या पायाखाली जळणारं काही नको." तिने २०१४ ची गोष्ट घरात ऐकलेली होती. मी काय बोलणार? खोडव्याचे बिल आले त्या आठवड्यात टॉर्क कन्व्हर्टरची, लो रेंजवाली गाडी नोंदवली.

पहिले पंधरा दिवस तिचा डावा पाय सवयीने क्लच शोधायचा आणि ब्रेकवर पडायचा. दोनदा आम्ही सगळे पुढच्या काचेपर्यंत गेलो. ज्यांच्या घरी ट्रॅक्टर आणि बिनगिअरची गाडी दोन्ही आहेत त्यांनी डावा पाय सीटखाली ओढून बसायची सवय लावून घ्यावी.

पाऊस लागला की आमची पाणंद पुन्हा पहिल्यासारखी होते. गाडी घेण्याआधी दोन्ही प्रकार चढावर घालून पाहायचे असतील त्या सभासदांनी गट ऑफिसात निरोप ठेवावा. व्याह्यांची एक, आमची एक आणि शेजारच्यांची एक गिअरची, अशा तीन गाड्या जमतात. ट्रॅक्टर आणि साखळदंड मी तयार ठेवतो.